हँग्ड मॅन आला म्हणजे घात होणार का, आणि सोलापूरला परत यायचं की नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. तुम्ही पुण्यात नोकरी करता, इकडे सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आई म्हणते आता परत ये, काका पण तेच म्हणतात, वडील मात्र काहीच बोलत नाहीत. तुम्ही मोबाईलवर एका अ‍ॅपमधे टॅरोची, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांची, तीन कार्डं काढलीत, भूतकाळाच्या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स (दहा नाणी), वर्तमानात हँग्ड मॅन (टांगलेला माणूस) आणि भविष्यात एट ऑफ पेंटॅकल्स (आठ नाणी). मधलं चित्र बघून मावशी म्हणाल्या हे तर फाशीचं आहे, असलं काही बघू नको, आणि एका ओळखीतल्या भविष्य सांगणाऱ्यांनी सांगितलं की जवळचा माणूस विश्वासघात करणार, शांती करावी लागेल, ११,००० रुपये खर्च येईल. आणि आता तुम्ही विचारताय की कार्ड अशुभ आहे का, विश्वासघात खरंच दिसतोय का, आणि परत यावं की नाही.

पैशाचं आधी सांगून टाकते कारण ते तातडीचं आहे. देऊ नका. टॅरोमधे कुठल्याच कार्डाची शांती नसते. ही मूळची युरोपातली पत्त्यांची परंपरा आहे, तिच्यात दोष, निवारण, जप असला प्रकारच नाही. तुम्हाला सिद्धेश्वराला जायचं असेल, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, श्रद्धेने जा, पण या कार्डाला घाबरून कुणाला पैसे देऊ नका. माझ्याकडे अशी घाबरून आलेली माणसं येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण प्रश्न घरातला असतो, साधा बोलून सुटणारा असतो, आणि मधेच कुणीतरी भीती घालून त्याचं बिल फाडलेलं असतं.

आता कार्ड. फोनवर ते मोठं करून बघा आणि माझ्याबरोबर वाचत चला, कारण मावशींनी जे बघितलं आणि चित्रात जे आहे त्यात फरक आहे. दोरी गळ्यात नाहीये, उजव्या पायाच्या घोट्याला आहे. माणूस उलटा टांगलाय, पाय वर डोकं खाली, डावा पाय गुडघ्यात वाकवून मागून आडवा नेलाय, अगदी सहज, कुणी भिंतीला टेकून उभं राहताना पाय आडवा टाकतो ना तसा. ज्याला जबरदस्तीने टांगलंय तो पाय असा ठेवत नाही, तो झाडतो. चेहरा बघा, वेदना नाही, उलट कसल्यातरी विचारात बुडालाय. डोक्याभोवती पिवळं तेजोवलय आहे, आपल्याकडे देवांच्या आणि संतांच्या फोटोत असतं तसं. आणि लाकूड बघा, टी अक्षराच्या आकाराचा खांब आहे पण त्याला पानं फुटलीत, म्हणजे लाकूड जिवंत आहे. फाशीच्या खांबाला पालवी कोण काढेल? चित्र काढणारीने हे मुद्दाम केलंय.

तिचं नाव पामेला कोलमन स्मिथ. तुमच्या अ‍ॅपवर जो संच आहे तो तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तिचाच वाटतोय, १९०९ मधे लंडनच्या रायडर कंपनीने काढलेला. आर्थर एडवर्ड वेट नावाच्या अभ्यासकाने कल्पना आणि सूचना दिल्या आणि अख्खी ७८ कार्डं स्मिथबाईंनी काढली. कितीतरी वर्षं हा संच फक्त प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला, बाईंचं नाव कुणी घेत नव्हतं, १९५१ मधे त्या गेल्या तेव्हा हातात फारसा पैसाही नव्हता. कार्डाच्या खालच्या भागात कोपऱ्याकडे त्यांची छोटीशी वळणदार सही असते, झूम करून शोधा. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती सही शोधायला लावते, कारण सही शोधता शोधता माणूस चित्र नीट बघतो, आणि टॅरोत अर्ध्याहून जास्त काम नीट बघण्याचंच आहे, पाठांतराचं नाही.

आता विश्वासघाताचं. हे त्या गृहस्थांनी हवेतून काढलेलं नाही, त्याला इतिहास आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले, आणि आले ते खेळ म्हणून, भविष्य बघायला नाही. १४५० च्या आसपास मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी हाताने रंगवलेला एक संच आहे, त्यातली बरीच पानं आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत, त्यातही हा उलटा माणूस आहे. त्या काळातल्या इटलीत फितूर माणसाची बदनामी करायची एक रीत होती, त्याचं एका पायाने उलटं टांगलेलं चित्र भर चौकात सरकारी इमारतीच्या भिंतीवर रंगवायचे, म्हणजे येणारा जाणारा बघेल आणि घराण्याची इज्जत जाईल. फ्लॉरेन्समधे १४४० साली आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने मेदिची या तिथल्या सत्ताधारी घराण्याच्या विरोधकांची अशी टांगलेली चित्रं काढली आणि त्यावरून लोकांनी त्याला टांगलेल्यांचा आंद्रेआ असं नावच पाडलं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणखी एक जुना संच आहे, त्यातल्या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातात पैशाच्या थैल्या आहेत, फितुरीचे पैसे असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. म्हणजे त्या काळच्या इटालियन माणसाला हे पान बघून गद्दारच आठवणार, यात वाद नाही.

पण नंतर चित्र बदलत गेलं. १७८१ मधे फ्रान्समधे कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे, आणि या पानाबद्दल तर त्याने लिहिलं की छापणाऱ्यांनी चुकून उलटं छापलंय, मुळात हा एका पायावर सांभाळून उभा असलेला माणूस आहे, म्हणजे सावधपणा. इजिप्तची चित्रलिपी तोपर्यंत कुणाला वाचता येत नव्हती, ती शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मधे उलगडली आणि त्यात टॅरोचं नावनिशाण सापडलं नाही. पण जेबलँमुळे लोक या माणसाकडे गुन्हेगार सोडून दुसऱ्या नजरेने बघायला लागले हे मात्र खरं. आणि १९०९ मधे वेट आणि स्मिथबाईंनी तेजोवलय आणि पालवी घालून तो बदल पक्का केला. म्हणून मी म्हणते की कुठल्या संचातलं कार्ड आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. कुणी जुन्या इटालियन संचावर वाचत असेल आणि शेजारची कार्डं तशीच असतील तर विश्वासघात बोलणं चूक म्हणणार नाही मी. तुमच्या अ‍ॅपवरच्या संचात मात्र तो अर्थ पहिल्यांदा घ्यायचा नसतो. माझ्या वाचनात फसवणुकीचा संशय यायला सेव्हन ऑफ स्वोर्ड्स लागतं, त्यात एक माणूस तंबूतून तलवारी उचलून चोरपावलांनी निघालाय, किंवा फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, किंवा मून म्हणजे चंद्राचं कार्ड आणि सोबत प्रश्नही तसाच. तुमच्या तीन पानांत एकही तलवार नाहीये. काकांवर किंवा आणखी कुणावर या एका चित्रावरून संशय घेऊ नका, घरं अशाने तुटतात.

अजून एक गोष्ट इथेच सांगते. उलटं लटकलेलं दिसलं की आपल्या माणसाला पटकन वेताळ आठवतो, वडाला लटकलेली वटवाघळं आठवतात, म्हणून भीती वाटते, ते समजू शकते. पण आपल्याच महाभारतात आदिपर्वात उलटं लटकण्याच्या दोन गोष्टी आहेत आणि मला हे कार्ड समजवायला त्या फार उपयोगी पडतात. एक वालखिल्य ऋषींची. गरुड वडाच्या मोठ्या फांदीवर बसायला गेला आणि फांदी मोडली, बघतो तर त्या फांदीला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी डोकं खाली करून तप करत लटकलेले, मग ते पडू नयेत म्हणून गरुड ती फांदी चोचीत धरून उडत राहिला. दुसरी जरत्कारूची. तो लग्न न करता तप करत हिंडत होता, तर एका खड्ड्यात त्याला काही माणसं गवताच्या जुडीला धरून उलटी लोंबकळताना दिसली, आणि एक उंदीर त्या गवताची मुळं कुरतडत होता. विचारलं तर ते त्याचेच पूर्वज निघाले, वंश पुढे चालत नाही म्हणून तसे लटकलेले. बघा, अवस्था एकच, डोकं खाली पाय वर. वालखिल्यांनी ती स्वतः निवडली आहे, त्यातून त्यांना काही मिळवायचंय. पूर्वजांवर ती दुसऱ्या कुणामुळे आली आहे, आणि ते दर क्षणाला उंदराकडे बघत आहेत.

हँग्ड मॅन आला की मी समोरच्याला हेच विचारते, दोरी कुणी बांधली? कार्डाचा अर्थ थांबणं, अधांतरी असणं, एखादी गोष्ट सोडून देणं, जग उलट्या बाजूने बघणं, हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल आणि ते बरोबरच आहे. पण थांबणं थांबणं सारखं नसतं. तुमच्याच कारखान्यातलं सांगते. टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वर लूप येतात त्या सुताचा, हे तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. बीम संपला की माग उभा राहतो आणि नवीन बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडायला घेतात. बाहेरून येणाऱ्याला वाटतं काम बंद आहे, पण तेवढा वेळ दिल्याशिवाय पुढचा टॉवेलच निघणार नाही. आणि लाइट गेली तरी माग उभाच राहतो, तेव्हा मात्र गाठी कुणी मारत नसतं, सगळे नुसते दारात येऊन बसतात. चित्रातला माणूस गाठी मारणाऱ्यातला आहे, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तुमचं थांबणं त्यातलं आहे की लाइट गेल्यातलं, हे कार्ड सांगू शकत नाही, ते तुम्हालाच बघायला लागेल.

तुमच्या लिहिण्यावरून मला जे वाटलं ते सांगते, चुकत असेन तर सोडून द्या. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षापासून तुम्ही पुण्यात फ्लॅट बघत नाही कारण परत यायचं ठरलं तर काय, नोकरीतलं प्रमोशनचं बोलणं पुढे ढकललंत, लग्नाचं स्थळ आलं की मुलीकडच्यांना राहणार कुठे हे सांगता येत नाही म्हणून तेही लांबलंय, आणि इकडे कारखान्यातही तुम्ही काही हातात घेतलेलं नाही. म्हणजे दोन्हीकडे पाय अडकलाय आणि दोन्हीकडे काम थांबलंय. माझ्याकडे सोलापुरातली अशी बरीच घरं येतात, कधी पुण्याला हैदराबादला गेलेली मुलं येतात, कधी त्यांच्या आया येतात, आणि प्रत्येक वेळी प्रश्न परत यावं की नाही असाच विचारला जातो. पण परत यावं की नाही हे ठरवायला जी माहिती लागते तीच कुणाकडे नसते, कारण घरात ज्याला ती माहीत आहे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून तुमच्या वाचनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही सहज लिहून गेलेलं वाक्य, बाबा काहीच बोलत नाहीत. वर्तमानाच्या जागी आलेलं कार्ड नेहमी प्रश्न विचारणाऱ्याचंच असतं असं नाही. घराचा प्रश्न असेल तर त्या जागी घरातलं कुणीही असू शकतं, आणि मी हे प्रत्येक वेळी तपासते, या चित्रात तुम्हाला कोण दिसतंय असं सरळ विचारते, लोक पहिल्या झटक्यात जे नाव घेतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पुन्हा कार्डाकडे बघा. या माणसाचे हात पाठीमागे आहेत. बांधलेत की त्याने स्वतःच मागे धरलेत हे चित्रात दिसत नाही. तोंड बंद आहे, चेहरा शांत आहे, आणि शांत चेहऱ्यावरून आपण गृहीत धरतो की सगळं ठीक असणार. मला तरी हे तुमच्या वडिलांचं कार्ड वाटतंय. ते गप्प आहेत ते तुमच्यावर ओझं नको म्हणून की त्यांना कारखाना बंदच करायचाय आणि सांगायची लाज वाटतेय, की तुम्ही स्वतःहून विचारायची वाट बघतायत, यातलं काहीही असू शकतं. आई आणि काका त्यांच्या वतीने बोलतायत, पण ते बाबांचं बोलणं नव्हे.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते. कार्ड अशुभ नाही. या संचात विश्वासघात हा त्याचा अर्थ नाही. ते थांबलेली अवस्था दाखवतं, आणि ती अवस्था कुणाची आणि कुणी ओढवलेली हे शोधायचं काम आपलं.

आता आजूबाजूची दोन पानं, कारण एकटं कार्ड कधीच वाचू नये. टेन ऑफ पेंटॅकल्स भूतकाळात आलंय यात नवल नाही, घराणं, मिळकत, पिढ्यान् पिढ्यांचं चालत आलेलं असं ते कार्ड. पण त्यातही बघा, कमानीखाली तरुण जोडपं आपापसात बोलतंय, आणि म्हातारा माणूस बाजूला बसलाय, अंगावर द्राक्षांच्या नक्षीचा भरजरी झगा, म्हणजे हे सगळं त्यानेच उभं केलंय, पण त्याच्याकडे लक्ष आहे ते दोन कुत्र्यांचं आणि एका लहान पोराचं. मोठी माणसं आपल्या गडबडीत. मला हे पान घरगुती धंद्याच्या वाचनात आलं की मी नेहमी त्या म्हाताऱ्यावर बोट ठेवते. तुमच्याकडे ते हँग्ड मॅनच्या शेजारी आलंय, म्हणून माझा बाबांबद्दलचा अंदाज आणखी पक्का झाला.

भविष्यातलं एट ऑफ पेंटॅकल्स बघून तुम्ही लिहिलंय की हे तर हाताने काम करणाऱ्या कारागिराचं कार्ड, म्हणजे मागावर बसायचं, म्हणजे परत यायचं ठरलंच. नाही, एवढं सरळ घेऊ नका. त्या कार्डात एक तरुण बाकावर बसून एकेक नाणं कोरतोय, पूर्ण लक्ष देऊन, आणि गाव लांब मागे दिसतंय. कष्टाने काम शिकणं, हात बसवणं असा त्याचा अर्थ. ते पुण्याच्या ऑफिसातही होऊ शकतं आणि अक्कलकोट रोडच्या शेडमधेही. टॅरोला भूगोल कळत नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जिथे जाल तिथे काही वर्षं नवशिक्यासारखं काम करायची तयारी ठेवा. कारखान्यात आलात तर मालकाचा मुलगा म्हणून केबिनमधे बसून चालणार नाही, सूत कुठून कुठल्या भावाने येतं, डाइंगवाल्याची उधारी किती, कामगारांची मजुरी कशी निघते, कुठला व्यापारी पेमेंट किती महिन्यांनी देतो, हे सगळं पहिल्यापासून शिकायला लागेल. आणि नोकरीतच राहिलात तर ते प्रमोशनचं बोलणं लगेच करा.

मग नक्की करायचं काय. मी कार्ड वाचणारी बाई आहे, तुमच्या धंद्याचा निर्णय मी घेऊ शकत नाही आणि कुठलंही कार्ड घेऊ शकत नाही, पण हे वाचन माझ्यासमोर झालं असतं तर मी पुढचं सांगितलं असतं. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येता आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाता असं लिहिलंय. एकदा चार दिवस सुट्टी काढून माग चालू असताना या. घरी जेवताना विषय काढू नका, तिथे आई असते, काका येऊन बसतात, शेंगाचटणी भाकरी पुढ्यात आणि सगळे एकदम बोलतात, त्यात बाबा गप्पच राहणार. बाबांच्या बरोबर सकाळी कारखान्यात जा, दिवसभर थांबा, पहिल्या दिवशी काहीच विचारू नका, नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी हिशोबाच्या वह्या मागा, काय चाललंय ते बघायचंय म्हणून. बँकेचं कर्ज किती राहिलंय, लाइटबिल किती येतं, ऑर्डर किती महिन्यांच्या हातात आहेत, मशीन किती जुनी आहेत. आकडे समोर आले की बाबा आपोआप बोलायला लागतील, आपल्याकडची मोठी माणसं मनातलं थेट सांगत नाहीत पण धंद्याचं विचारलं की बोलतात, आणि त्यातच सगळं येतं. शेवटी एकच विचारा, तुम्हाला काय हवंय? आई काय म्हणते ते मला माहितीये, तुमचं सांगा. एवढं विचारून थांबा, मधे बोलू नका, कितीही वेळ लागू दे.

त्यांचं उत्तर काहीही येऊ शकतं. कदाचित म्हणतील ये. कदाचित म्हणतील तू तिकडेच बरा आहेस, मी दोन वर्षांत शेड भाड्याने देणार आहे. दुसरं ऐकून तुम्हाला धक्का बसेल किंवा हायसं वाटेल, जे वाटेल तेही लिहून ठेवा, कारण तुमच्या स्वतःच्या मनात काय होतं ते त्यातून कळणार. हँग्ड मॅनमधे सोडून देणं हा अर्थ येतो तो इथे लागू पडतो. काहीतरी एक सोडायला लागेल, पुण्यातली सवय किंवा वारस असल्याची कल्पना, दोन्ही धरून ठेवता येत नाही. ते काय सोडायचं हे आकडे आणि बाबांचं बोलणं समोर आल्यावरच ठरवा, आज कार्डावरून ठरवू नका.

तुम्ही विचारलंय की हे किती दिवस चालणार, कार्डाचा नंबर १२ आहे म्हणजे बारा आठवडे का. काही वाचक असं मोजतात, मी मोजत नाही. बारावा नंबर मी एवढ्यासाठीच बघते की त्याच्या आधी ११ वर जस्टिस आहे आणि पुढे १३ वर डेथ, म्हणजे आधी तराजूत नीट तोललं जातं, मग थांबणं येतं, मग जुनं संपतं. तुमच्या बाबतीत तोलण्याचंच काम राहिलंय, हिशोबाच्या वह्या म्हणजे तेच. डेथ ऐकून परत घाबरू नका, तुमच्या वाचनात ते आलेलंच नाही, आणि येतं तेव्हाही बहुतेक वेळा नोकरी, घर, नातं असं काहीतरी एक प्रकरण संपण्याबद्दल असतं.

कार्ड सरळ आलं की उलटं हे तुम्ही लिहिलेलं नाही, अ‍ॅपवर ते कधी कधी कळतच नाही. मी उलटी कार्डं वाचते, सगळे वाचत नाहीत. हँग्ड मॅन उलटं आलं की चित्रातला माणूस सरळ उभा दिसतो, एका पायावर नाचतोय असं वाटतं, पण दोरी पायाला तशीच असते. तेव्हा मी विचारते की चाललोय असं दाखवणं तर सुरू नाही ना, म्हणजे दर शनिवारी रविवारी सोलापूरला चक्कर मारून आपण घरासाठी काहीतरी करतोय असं वाटून घेणं. तुमचं उलटं आलं असेल तर हे जरा प्रामाणिकपणे बघा.

एक वेगळी गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या कुणासाठी लागू असेल. हे चित्र बघून स्वतःचं काही बरंवाईट करण्याचा विचार डोक्यात येत असेल तर कार्डं बाजूला ठेवा, घरातल्या कुणालातरी आजच सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अशा वेळी टॅरो वाचणाऱ्याकडे जाऊ नये आणि वाचणाऱ्यानेही वाचू नये.

राहिलं अ‍ॅपचं. अ‍ॅपवर काढलेलं चालतं का असं तुम्ही शेवटी विचारलंय. चालतं. पत्ते हातात असले की माणूस सावकाश बघतो म्हणून मी हातातले पत्ते वापरते, बाकी फरक मानत नाही. फक्त एकाच प्रश्नावर दिवसातून पुन्हा पुन्हा काढू नका, मनासारखं येईपर्यंत काढत राहिलात तर वाचायला काही उरत नाही. बाबांशी बोलणं होईपर्यंत या विषयावर एकही कार्ड काढू नका. नंतर काढायचं असेल तर परत यावं का असा हो-नाहीचा प्रश्न ठेवू नका, असा ठेवा, परत आलो तर पहिल्या वर्षी मला काय शिकायला लागेल, आणि नाही आलो तर बाबांसाठी मी काय करायला हवं. दोन्हीसाठी दोन दोन कार्डं पुरेत. ती टाका इथे, सरळ उलटं लिहून टाका, आणि बाबा काय म्हणाले तेही लिहा, मग पुढचं बघू.